बोर्ड नसलेलं गॅरेज आणि ‘कमी पळालेली’ गाडी

कराडहून ओगलेवाडीच्या रस्त्याला लागलं की एका पत्र्याच्या शेडपुढे तीन-चार गाड्या बॉनेट उघडून उभ्या दिसतात. बोर्ड नाही. कुठल्याशा ऑइल कंपनीचा होता, त्याचा रंग उडून आता नुसता पत्रा उरलाय. मिस्त्रींना विचारलं तर म्हणतात, “ज्याला यायचंय त्याला ठाऊक असतंय.” हे मिस्त्री फोन उचलत नाहीत, सांगितलेल्या दिवशी गाडी देत नाहीत, बसायला ऑइलचा रिकामा डबा पुढे सरकवतात. तरी मी त्यांना पाचापैकी साडेचार तारे देणार आहे. अर्धा का कापला तेही पुढे येईलच.

मी साखर कारखान्यात अकाउंट्सला आहे. दुसऱ्यांनी लावलेली बिलं तपासणं हाच माझा रोजचा उद्योग. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, त्यामुळे पाना-जॅकची भाषा कानावरून गेलेली. कारखान्याला रोज जायचं म्हणून एक छोटी पेट्रोल गाडी हवी होती. डीलरकडे हवी तशी गाडी पंचवीस-तीस हजारांनी महाग पडत होती, आणि त्यात नवल काही नाही. त्याला स्वतःचा नफा काढायचा असतो, शिवाय जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला त्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. एका घरानं दुसऱ्या घराला गाडी विकली तर तो लागत नाही. म्हणून मी थेट मालकाकडूनच घ्यायची ठरवली.

गाडी मिळाली कोथरूडला. २०१४ ची, एकाच मालकाची, पळालेली २७ हजार किलोमीटर. मालक म्हणजे निवृत्त झालेले काका. मुलगा परदेशात, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी कापडी कव्हर घालून ठेवलेली. जाहिरातीत ‘टॉप कंडिशन’ होतंच. गाडीच्या कंपनीचं नाव मी इथं घेत नाही. जे पुढे निघालं त्यात तिचा काही दोष नव्हता.

आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न ‘रनिंग किती?’ हा असतो, आणि आकडा जितका लहान तितका माणूस खूश. रिक्षावाल्याला विचारा, बसच्या ड्रायव्हरला विचारा. रोज पळणारी गाडी कशी असते ते त्यांना माहीत असतं. वर्षाला अडीच हजार किलोमीटर म्हणजे गाडी वर्षातले बहुतेक दिवस उभीच. उभ्या गाडीचं रबर वाळतं, ब्रेकचं ऑइल हवेतलं पाणी ओढतं, बॅटरी बसते, लोखंडाला गंज चढतो, आणि बॉनेटखाली उंदीर संसार मांडतात. मीटरचा काटा यातलं काही मोजत नाही. वडील म्हणायचे, डेपोत उभी राहिलेली बस रस्त्यावर काढताना धावत्या बसपेक्षा जास्त धाकधूक असते.

तर काकांना मी आदल्या रात्रीच फोन करून सांगितलं होतं, की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. इंजिन थंड असतानाच खरं बोलतं. काकांनी शब्द पाळला. चावी फिरवल्यावर स्टार्टरनं दोनदा नुसतं कण्हून दाखवलं, तिसऱ्यांदा इंजिन लागलं. म्हणजे बॅटरी गेली. टायरची नक्षी नव्यासारखी खोल होती, पण कडेवर चार आकडी तारीख होती २३१४, म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. गाडीबरोबर आलेले मूळ टायर, आणि बाजूच्या भिंतीला भेगाच भेगा. कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीत हिरवं किंवा गुलाबी काहीतरी दिसायला हवं, तिथं चहाच्या चोथ्यासारखं मातकट पाणी. ऑइलच्या झाकणाखाली मात्र स्वच्छ होतं, डिपस्टिकवर ऑइल काळं पण पांढरा फेस नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलेलं नव्हतं. ब्रेकच्या पेडलचं रबर आणि स्टिअरिंगचं कातडं पाहिलं, ते २७ हजाराला शोभेल असंच होतं. मीटर मागे फिरवलेला नव्हता.

काका २ लाख ५ हजारांवर अडून होते. मी एकेक गोष्ट दाखवत गेले. काकू मधेच चहा घेऊन आल्या आणि “अहो, द्या ना आता, उगाच काय!” म्हणाल्या. १ लाख ७५ हजारांना व्यवहार झाला. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, विम्याची प्रत, पीयूसी, ॲपवर दंडाची पावती थकलेली नाही ना हे पाहणं, आणि ताबा पावती. या पावतीवर तारखेबरोबर वेळही घाला. त्या मिनिटापर्यंतचे दंड आणि अपघात विकणाऱ्याचे, पुढचे आपले, हे कागदावर असलेलं बरं. विम्यातला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, तो मालकाचा असतो. त्यामुळे हप्ता वाढणार हे हिशेबात धरलं होतं. आणि घरी वहीत एक नवीन पान उघडलं होतं: बिघाड खातं, ३५,००० रुपये. जुनी गाडी घेणाऱ्यानं हे पान गाडीच्या आधी उघडावं असं माझं मत आहे. गाडी ‘जशी आहे तशी’ घेतली जाते. १९३० च्या मालविक्री कायद्याचं १६ वं कलम सरळ सांगतं, की विकणारा त्या मालाचा व्यापारी नसेल तर दर्जाची हमी गृहीत धरता येत नाही. ग्राहक आयोगही व्यापाऱ्याविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे, कोथरूडच्या काकांविरुद्ध नाही. त्यांनी जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी, पण इथं तसं नव्हतं.

बॅटरी पुण्यातच बदलली, जुनी परत देऊन ४,३००. कात्रजचा बोगदा सुरळीत पार पडला. खंबाटकीच्या चढाला मात्र तापमानाचा काटा मधल्या रेघेवरून हलला आणि वळणावळणाला वर सरकू लागला. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या, हीटर पूर्ण चालू केला. मे महिन्यात हीटर लावून घाट चढणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल, पण इंजिनाची उष्णता आत ओढून घ्यायला रस्त्यावर दुसरा उपाय नाही. घाटमाथ्यावर गाडी बाजूला घेतली. तिथं एक गॅरेजवाला आला, बॉनेटवर हात ठेवून लगेच म्हणाला, “हेड गॅसकिट गेलंय. इंजिन खोलावं लागणार, पस्तीस-चाळीस धरा. गाडी इथंच सोडा.” (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामधली ही पातळ पट्टी; ती गेली की पाणी ऑइलमध्ये मिसळू शकतं.) रेडिएटरचं झाकण तो तसंच उघडायला निघाला होता, मी थांबवलं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडणाऱ्यावर गाडी सोपवायची नाही, एवढी साधी परीक्षा. इंजिन गार झाल्यावर पाणी भरलं आणि उताराच्या, सपाट रस्त्यानं, पन्नासच्या वर न जाता, हीटर तसाच ठेवून कराड गाठलं.

इथून मिस्त्रींचा प्रवेश.

त्यांनी गाडी चालू करण्याआधी मला प्रश्न विचारले. काटा चढावरच वर गेला का सपाटीवरही? एसी बंद केल्यावर खाली आला का? सायलेन्सरमधून पांढरा धूर? पाणी किती प्यायली? डॉक्टर विचारतात तसे, एकापाठोपाठ एक. मग थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली आणि आत बघत बसले. बुडबुडे येत नव्हते. ऑइलचं झाकण पुन्हा पाहिलं, ताकासारखा फेस नव्हता. चारही प्लग काढून पाहिले. “हेड गॅसकिट ठीक आहे, मॅडम. कुणी सांगितलं गेलंय म्हणून?” मी घाटातला किस्सा सांगितला. ते हसलेसुद्धा नाहीत. “त्येला तुमची गाडी पायजे होती दोन दिवस,” एवढंच म्हणाले.

मग थर्मोस्टॅट काढला. माहीत नसेल त्यांच्यासाठी: हा एक छोटा झडपेसारखा भाग, इंजिन गरम होईपर्यंत पाणी आतल्या आत फिरू देतो आणि ठरावीक तापमानाला उघडून रेडिएटरकडे सोडतो. यावर ८२ अंश असा शिक्का होता. मिस्त्रींनी शेजारच्या टपरीवरून पातेलं मागवलं, गॅसच्या शेगडीवर पाणी ठेवलं आणि थर्मोस्टॅट तारेला बांधून आत सोडला. पाण्याला उकळ्या फुटल्या तरी त्यानं केसभरच तोंड उघडलं. चढावर इंजिन जोरात काम करतं तेव्हा पाणी रेडिएटरपर्यंत पुरेसं पोचतच नव्हतं. नवीन आणल्यावर तोही आधी पातेल्यात टाकला. ऐंशीच्या पुढे तो हळूहळू उघडला, बाहेर काढल्यावर मिटला, आणि मगच बसवला. “नवीनपण खराब निघतोय कधी कधी,” मिस्त्री म्हणाले. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला एसीत बसून कॉफी मिळते, पण आपल्या डोळ्यांदेखत असा पुरावा मिळत नाही. माझे अर्धे तारे इथंच दिले गेले.

टपरीवाल्यानं ते पातेलं परत घेतलं का नाही, हे मी विचारलं नाही. चहा मात्र त्या दिवशी प्यायले नाही.

शेडमध्ये तेव्हा आणखी एक जण होते, त्यांचा सल्ला होता, “थर्मोस्टॅट काढूनच टाका की, आपल्याकडं काय बर्फ पडतोय?” हा सल्ला महाराष्ट्रभर मिळतो. मिस्त्रींनी त्यांना बाजूला केलं. थर्मोस्टॅट नसला की इंजिन लवकर गरम होत नाही, थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं, ऑइल खराब होतं, आणि गाडीतल्या कॉम्प्युटरला वाटतं अजून सकाळच आहे.

रेडिएटर खोलला तर खालच्या निम्म्या नळ्या लाल चिखलानं बुजलेल्या. वॉटर पंपाच्या तोंडाशी पाझर. आता प्रश्न असा, की २७ हजार किलोमीटरमध्ये एवढा गंज आला कुठून? मी काकांना फोन केला. पैसे मागायला नाही, माहिती विचारायला. त्यांचं उत्तर जसंच्या तसं: “अहो, मी दर रविवारी स्वतः पाणी बघायचो. आणि साधं नाही हां, फिल्टरचं, पिण्याचं पाणी घालायचो!” काकांनी गाडीला स्वतःच्या पंगतीत बसवलं होतं. पण कूलंट असतं गंज रोखणारं, उकळण्याचा बिंदू वर नेणारं. दर आठवड्याला थोडं थोडं पाणी घातलं की वर्षा-दोन वर्षांत त्यात कूलंट नावालाच उरतं. “पाणी गोड असूदे न्हाईतर खारं, लोखंडाला गंज चढणारच,” इति मिस्त्री.

काका आणखी एक करायचे. दर रविवारी गाडी जागच्या जागी पाच मिनिटं चालू ठेवायचे. सोसायट्यांमध्ये ही पद्धत फार आहे, आणि ती करणाऱ्यांना आपण गाडीची काळजी घेतो असं मनापासून वाटतं. पाच मिनिटांत इंजिन पुरतं गरम होत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, आणि स्टार्टरनं बॅटरीतून जेवढं ओढलं तेवढंही भरून निघत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणावी, नाहीतर सरळ बॅटरीची तार काढून ठेवावी.

फोनवर काका शेवटी म्हणाले, “व्यवहार झाला, आता गाडी तुमची.” त्यात कटुता नव्हती, आणि मला ते मान्यच होतं. पण चार दिवसांनी त्यांच्याकडून एक पाकीट आलं: दुसरी चावी आणि प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये लावलेली सगळी सर्व्हिसची बिलं, तारखेवार. गाडीची अशी फाइल मी पहिल्यांदाच पाहिली, आणि अकाउंट्सची बाई असल्यानं ती रात्री वाचूनच काढली. शेवटचं सर्व्हिसिंग २०१९ चं. टायमिंग बेल्ट बदलल्याची नोंद कुठेच नाही. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला-मिटायला लावणारा हा बेल्ट रबरी असतो, किलोमीटरवरही मोजतात आणि वर्षांवरही. तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि मग घाटातल्या त्या गॅरेजवाल्यानं सांगितलेला खर्चसुद्धा कमी वाटेल. मिस्त्रींनी बिलं चाळली आणि म्हणाले, “पंप खोललाच आहे, मजुरी एकच लागंल. आत्ताच बदला, ताई.” मॅडमची ताई त्या दिवशी झाले.

पहिल्या बिलाचा आकडा १२,४५०. त्यात टायमिंग बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर ३,९००, पंप १,७५०, कूलंट १,१००, थर्मोस्टॅट ८५०, मजुरी ३,२००, बाकी रेडिएटर साफ करणं आणि बाहेरचा बेल्ट. हा तपशील मला सहज मिळालेला नाही. आधी हाती आला तो एका कागदावरचा एकच आकडा. मी म्हटलं, मिस्त्री, असं चालणार नाही, फोड करून द्या. त्यांनी पुतण्याला हाक मारली, पुतण्यानं वहीतून एकेक ओळ वाचली, मी लिहून घेतली. एका ओळीत ‘किरकोळ ६००’ होतं. किरकोळ म्हणजे काय हे कुणालाच सांगता येईना, तेव्हा ती ओळ गेली. गॅरेजचं छापील बिल मिळत नाही, मागितलं तर सुट्या भागांच्या दुकानाची पावती देतात. काढलेला प्रत्येक जुना भाग मात्र पोत्यात घालून डिकीत ठेवलेला असतो, न मागता. मला हे बिलापेक्षा मोलाचं वाटतं. नवीन भाग लावला असं सांगून जुनाच पुसून बसवायचा, हा प्रकार ज्यांनी अनुभवलाय त्यांना पटेल.

‘कंपनीचा की लोकल?’ हा प्रश्न मिस्त्री दर वेळी विचारतात आणि उत्तरही स्वतःच सुचवतात. थर्मोस्टॅट, बेल्ट, ब्रेकचं सामान कंपनीचंच. सस्पेन्शनचा लिंक रॉड चांगल्या लोकलचा चालेल. दरवाजाची रबरं भंगारातून बघू.

गरम होणं थांबलं तसे बाकीचे आजार रांगेनं पुढे आले. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची, आणि कारखान्यावर पोचल्यावर डावं पुढचं चाक हात लावू देत नव्हतं. ब्रेकचे पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या होत्या, पॅड डिस्कला घासतच राहायचे. त्या साफ करून ग्रीस भरलं. मागच्या ड्रमात व्हील सिलिंडर पाझरत होते, आणि ब्रेक शू ड्रमला चिकटून गंजाची नक्षी उमटलेली. महिनोन्‌महिने हँडब्रेक ओढून गाडी उभी ठेवली की असं होतं. “उभी करायची असंल तर पयल्या गिअरात टाका, चाकाला दगड लावा. हँडब्रेक सोडून द्या.” ब्रेक ऑइल काढलं ते कॉफीच्या रंगाचं. सगळं मिळून ३,२००. हे काम करताना मिस्त्रींनी मला पेडल दाबायला बसवलं आणि “दाबा… धरा… सोडा…” असं हवा निघेपर्यंत चालवलं. गिऱ्हाइकाकडून काम करून घेतल्याबद्दल मजुरीत सूट मागितली, मिळाली नाही.

मग डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. इथं मिस्त्री स्वतः हात लावत नाहीत, पुतण्याचा प्रांत. त्यानं स्टिअरिंगखाली स्कॅनर लावून मोबाइलवर बिघाडाचा कोड काढला: पी०१३५. सायलेन्सरवरच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट. सर्व्हिस सेंटरनं फोनवर याच कोडला ‘सेन्सर बदलावा लागेल’ असं सांगितलं होतं. पुतण्या कोड वाचून थांबला नाही, गाडी वर घेऊन वायर शोधत गेला. दोन तारा उंदरानं कुरतडलेल्या. कोड सर्किटचा दोष सांगतो, सेन्सर मेला की तार तुटली हे माणसानंच बघायचं असतं. तारा जोडून, वर नळी चढवून ७०० रुपयांत दिवा गेला. एअर फिल्टरच्या डब्यात शेंगदाण्याची टरफलं, कापडाच्या चिंध्या आणि काकूंच्या स्वयंपाकघरातली असावी अशी एक लसणाची पाकळी निघाली. उंदरांवर उपाय विचारला तर शेडमध्ये तीन पक्ष पडले: तंबाखूची पुडी, डांबराच्या गोळ्या, आणि ‘बॉनेट रात्री उघडं ठेवा, अंधार नसला की येत न्हाईत’. मिस्त्री कुठल्याच पक्षात नव्हते. “रोज चालवा, त्येच औषध.”

टाकीतल्या जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा वास होता आणि सकाळी गाडी मिस मारायची, म्हणजे झटके देत चालायची. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणं पूर्वीपेक्षाही वाईट. ताजं पेट्रोल भरून, चालवून संपवल्यावर मिस मारणं बंद झालं. त्याचे पैसे मिस्त्रींनी घेतले नाहीत, कारण केलं काहीच नव्हतं. ऑइल, फिल्टर, प्लग २,९००. स्पीडब्रेकरवर खडखड होती, दोन लिंक रॉड आणि लोअर आर्मची वाळून फाटलेली बुशं, मजुरीसह ३,६००. टायर मिस्त्रींकडे मिळत नाहीत, दुकानातून चार घेतले, अलाइनमेंट-बॅलन्सिंगसह १५,१००. नक्षी एवढी शिल्लक असताना टायर फेकायला दुकानदारालाही जिवावर आलं होतं. आमच्या ह्यांनी तर “ठेवून दे, चालतील की अजून” म्हणून दोन दिवस लावून धरलं. हायवेवर उन्हात ऐंशीच्या वेगाला दहा वर्षांचं रबर फुटतं तेव्हा नक्षी कामाला येत नाही. स्टेपनी म्हणून त्यातला एकही ठेवला नाही.

बेरीज ४२,२५०. बिघाड खात्यात ३५,००० होते, म्हणजे ७,२५० जादा. गाडी मला २ लाख १७ हजार २५० ला पडली. काकांचा सुरुवातीचा भाव २ लाख ५ हजार होता. त्यांनी सांगितलेला भाव तेव्हा जास्त वाटला, आता गाडी जशी झाली आहे तशी कुणी त्यात पंधरा-वीस हजार घालून दिली असती तर मी घेतली असती. याच रकमेत डीलरकडची गाडी आली असती का? आली असती. पण तिचा थर्मोस्टॅट कुणी पातेल्यात घातलेला नसता, आणि टायमिंग बेल्टचं वय मला माहीत नसतं. ८० हजार पळालेली पण सर्व्हिसच्या नोंदी नियमित असलेली गाडी समोर आली तर पुढच्या वेळी मी २७ हजारवालीकडे वळूनही बघणार नाही. माझ्या मैत्रिणीला नुकतंच तसं सांगितलं, तिनं ऐकलं नाही, तिला ‘डॉक्टरची गाडी, फक्त १८ हजार’ मिळाली आहे. गॅरेजचा पत्ता दिलाय.

आता कापलेला अर्धा तारा. ‘उद्या संध्याकाळी’ याचा या शेडमधला अर्थ परवा दुपारनंतर कधीही असा आहे. ब्रेकच्या कामात गाडी दोन दिवस जास्त अडकली आणि मला कारखान्याच्या बसमागे पळावं लागलं, कारण सिलिंडर साताऱ्याहून यायचे होते. हे आधी सांगितलं असतं तर मी तशी सोय केली असती. फोनवर कधीच भेटत नाहीत, पुतण्याला मेसेज टाकला तर अंगठा येतो, उत्तर येत नाही. सीटवर काळे हात उमटतात, घरून जुनी चादर घेऊन जा. आणि सरळ फोड केलेलं बिल पहिल्या फटक्यात मिळालं असतं तर पाचच्या पाच दिले असते.

एसीचं काम बाकी आहे. गार हवा येते पण दोन महिन्यांत कमी होते, म्हणजे गॅस कुठून तरी गळतोय. मिस्त्री एसीला हात लावत नाहीत. “मला येत न्हाई, दुसरीकडं दाखवा,” असं त्यांनी सरळ सांगितलं, आणि कुठं दाखवायचं तेही सांगितलं. नुसता गॅस भरून देणाऱ्याकडे जाऊ नका, आधी गळती शोधणाऱ्याकडे जा, हेही.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत गेलेलं बरं, नंतर रांग लागते. जुनी बिलं असतील तर बरोबर न्या, मिस्त्री ती वाचतात. पैसे पुतण्याच्या क्यूआरवर किंवा रोख. अमावास्येला शेड बंद असते.